पोरांनो, फोन काकांच्या हातात द्या

वेबसाइट प्रोजेक्टची सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आली की दरवर्षी तेच विषय माझ्या टेबलावर येतात. लोणार पर्यटन, बाजारभाव, कॉलेजचं ग्रंथालय, दवाखान्याची अपॉइंटमेंट, शेतीची अवजारं भाड्याने. विषय जुना आहे म्हणून मी कधी कुणाला परत पाठवलं नाही. नवा विषय शोधत महिना घालवण्यापेक्षा जुनाच घ्या आणि तो ज्याला लागतो त्या माणसापर्यंत न्या. बहुतेक ग्रुप तिथपर्यंत पोचतच नाहीत. लॉगिन चालतं, डेटाबेसला जोडणी होते, पीपीटी तयार होते, व्हायवा होतो आणि साइट झॅम्पच्या फोल्डरमध्ये पडून राहते. शेगावला १९८३ साली श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं तेव्हा जगात वेब नावाची गोष्टच नव्हती. आज चिखली, खामगाव, बुलढाणा, मलकापूर, कुठलंही कॉलेज घ्या, साइट उभी करणं कुणालाही जड नाही. जड आहे ते अनोळखी माणसाच्या हातात ती देऊन गप्प बसणं. मला सांगायचंय ते मुख्यतः त्याबद्दलच.

लोणारचंच उदाहरण घेऊ, कारण दर वर्षी एक तरी ग्रुप ते घेतो. सिनॉप्सिसमध्ये ‘वापरकर्ता’ या रकान्यात तुम्ही ‘पर्यटक’ लिहिता. असा कुणी माणूस नसतो. पुण्याहून गाडी करून येणारं कुटुंब असतं, त्यात एक गुडघेदुखीची आजी असते. शाळेची सहल घेऊन येणारे गुरुजी असतात, त्यांना चाळीस पोरं सांभाळायची असतात. नवरात्रात कमळजा देवीच्या दर्शनाला येणारी मेहकरची बाई असते, तिला विवर कसं झालं याच्याशी काही घेणं नसतं. या तिघांचे प्रश्न कागदावर लिहा. आजीच्या सुनेला विचारायचंय की खाली पायी उतरावं लागतं का आणि वरून तळं दिसतं का. गुरुजींना पाणी, सावली आणि किती वेळ लागेल ते हवंय. आता तुमचं पहिलं पान उघडा. वर तीन फोटो सरकतात, त्यावर इंग्रजीत स्वागत, खाली इतिहासाचे चार परिच्छेद. तिघांपैकी एकाच्याही प्रश्नाचं उत्तर तिथे नाही.

‘कसे पोहोचाल’ हे पान तर बहुतेक ग्रुप कुठून तरी उचलून आणतात. बुलढाणा हे जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी तिथे रेल्वे नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं जिल्ह्याच्या उत्तरेकडून जाणाऱ्या मुंबई-हावडा मार्गावर आहेत, आणि लोणार जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. मुंबईकडचा माणूस जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला उतरून लोणारला येतो, त्याला मलकापूर सांगितलंत तर त्याचा अख्खा दिवस रस्त्यात जाईल. हे तुम्हाला माहीत असतं, कारण तुम्ही इथलेच. बाहेरच्याला माहीत नसतं. साइट त्याच्यासाठी आहे.

मजकुराबद्दलही एक गोष्ट पक्की धरा. लोणारचं वय बहुतेक साइटवर ५२ हजार वर्षं असं छापलेलं असतं. तो अंदाज एका जुन्या पद्धतीचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. दोन्ही आकडे द्या, कोणता कशावरून आला ते एका ओळीत लिहा. ‘बेसाल्टमधलं जगातलं एकमेव विवर’ हे वाक्यही काढा, दक्षिण ब्राझीलमध्ये तशी विवरं सापडली आहेत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. एवढं नीट लिहिलंत तर बाहेरून आलेला परीक्षक एखादा प्रश्न जास्त विचारेल, आणि तो प्रश्न तुम्हाला आवडेल.

कोडला हात लावण्याआधी वहीची पानं फाडा. एका पानावर एक स्क्रीन, पेन्सिलीने काढलेली. बटणं चौकटीत, शब्द खरे. ग्रुपमधल्या एकाने ‘कॉम्प्युटर’ व्हायचं. समोरच्याने बोटाने चौकट दाबली की त्याने पुढचं पान समोर ठेवायचं, तोंडाने काही बोलायचं नाही. हे करताना पोरं आधी लाजतात. पण दहा मिनिटांत कळतं की ‘सुविधा’ या शब्दाखाली कुणी पाणी शोधत नाही, आणि ‘गॅलरी’वर बोट ठेवणारा माणूस खरं तर रस्ता कसा आहे ते फोटोत पाहायला गेलेला असतो. कागद खोडायला काही लागत नाही. रात्रभर जागून लिहिलेलं कोड काढून टाकायला मात्र जीव तुटतो, आणि मग तुम्ही माणसाचं न ऐकता कोडची बाजू घ्यायला लागता.

मेनूतली नावं ठरवण्यासाठीही चिठ्ठ्याच वापरा. साइटवर जे जे सांगायचं ते एकेका चिठ्ठीवर लिहा: गाडी कुठे लावायची, जेवण कुठे, दैत्यसूदन मंदिर, गोमुखाची धार, अभयारण्याचे नियम, मुक्काम. लोणार २००० सालापासून वन्यजीव अभयारण्य आहे, तेव्हा नियमांची चिठ्ठी विसरू नका. मग त्या चिठ्ठ्या कुणापुढे तरी पसरा आणि ‘तुम्हाला जे एकत्र वाटतं ते एकत्र ठेवा, ढिगाला नाव द्या’ एवढंच सांगा. जी नावं ते देतील तीच मेनूत जातात. बाजारभावाची साइट करणाऱ्यांसाठी हे जास्तच महत्त्वाचं. तुम्ही रकान्यावर ‘मोडल प्राइस’ लिहिता. बाजार समितीच्या पाटीवर आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे शब्द असतात, आणि सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी ते न अडखळता वाचतो. पाटीवरचे शब्दच साइटवर घ्या, क्विंटल लिहायला विसरू नका, आणि भाव कोणत्या तारखेचा आहे ते भावाच्या शेजारीच मोठं लिहा. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली तारीख कुणी पाहत नाही.

मराठी अक्षरांकडे पोरं सगळ्यात कमी लक्ष देतात. इंग्रजी टेम्प्लेट घेऊन त्यात मराठी ओतलं की काय होतं ते जवळून पाहा. टेम्प्लेटमध्ये शीर्षकाच्या अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते. इंग्रजीत ती ऐटदार दिसते, मराठीत शिरोरेषा तुटते आणि ‘लोणार सरोवर’ हे शब्द दातपडक्या फणीसारखे दिसतात. ती जागा शून्य करा. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना धडकतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं सांगा, त्यासाठी एकच छोटा गुणधर्म लिहावा लागतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये तेवढ्याने ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. राज्य शासनाने २००९ साली प्रमाण लिपीचा निर्णय काढला तेव्हा ही वळणं ठरवून दिली आहेत, शाळेत आपण तीच शिकलो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कुणी दिला तर तो आधी युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर शोध लागणार नाही.

शोधाच्या चौकटीचीही कसून परीक्षा घ्या. ‘ॲ’ हे अक्षर एकाच कळीने उमटतं, आणि ‘अ’ला वर चंद्र जोडूनही लिहिता येतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. माणूस ‘अॅम्ब्युलन्स’ लिहितो आणि साइट म्हणते काही सापडलं नाही. गावांच्या नावांचंही तसंच. चिखली इंग्रजीत दोन प्रकारे लिहितात, बुलढाण्याचं स्पेलिंगही लोक दोन-तीन तऱ्हेने करतात. फोनवर मराठी टाइप न करणारा माणूस इंग्रजी अक्षरांतच लिहिणार. शक्य असेल तिथे त्याला लिहायलाच लावू नका. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, ते यादीत द्या, तालुका निवडला की गावं दाखवा.

फॉर्ममध्ये ‘फर्स्ट नेम, लास्ट नेम’ असे दोन डबे ठेवू नका. आपल्याकडे टीसीवर आणि मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. माणूस सवयीने पहिल्या डब्यात आडनाव टाकतो आणि तुमचा डेटाबेस उलटा भरतो. ‘पूर्ण नाव’ असा एकच लांब डबा पुरतो. लोणारची माहिती वाचायला नोंदणी कशाला, हेही एकदा स्वतःला विचारा. मोबाइल नंबर, जन्मतारीख, आधार यातलं काही लागत नसेल तर मागूच नका. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा वाचून ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर त्यात पालकांची संमती सांगितली आहे, आणि शाळेच्या सहलीची साइट करणाऱ्याला ते लागू पडतं. चाचणीच्या वेळी तर खोटंच नाव, खोटाच नंबर भरायला द्या.

आता चाचणी. रिपोर्टमध्ये ‘टेस्टिंग’ नावाचा एक अध्याय असतो, त्यात तक्ता असतो: लॉगिन बटण दाबले, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, पास. ते कोड तपासणं झालं, आणि तेही हवंच. पण माणसाला साइट वापरता येते की नाही हे त्यातून कळत नाही. त्याच्या जागी बरेच ग्रुप गूगल फॉर्म फिरवतात, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ‘तुम्हाला साइट आवडली का?’ सगळे मित्र ‘खूप आवडली’वर खूण करतात, त्याचा गोल तक्ता रंगीत छापून ब्लॅक बुकात लागतो. गाइड म्हणून मी तो तक्ता काढायला लावत आलो आहे. ज्याने साइट वापरलीच नाही त्याच्या आवडीला काय अर्थ?

आपल्या भागात तर मत विचारून काहीच हाती लागत नाही. वऱ्हाडातला माणूस दुसऱ्याच्या पोराने केलेल्या कामाला तोंडावर वाईट म्हणणार नाही. ‘चांगलं बनवलं बाप्पा!’ म्हणेल, चहा पाजेल आणि पाठवून देईल. म्हणून मत विचारू नका, काम द्या. आणि काम सांगताना तुमच्या बटणावरचे शब्द वापरू नका. ‘सुविधा या बटणावर जा’ म्हणालात की परीक्षा संपली, उत्तर तुम्हीच सांगितलं. असं सांगा: ‘मावशी, पुढच्या रविवारी तुम्ही सासूबाईंना घेऊन लोणारला चालल्या. त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना खाली उतरावं लागेल का, ते या फोनवर बघून सांगा.’ मग हात मागे बांधा.

सुरुवातीला एवढं जरूर बोला की परीक्षा साइटची आहे, तुमची नाही, आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. त्यानंतर तोंड बंद. मावशी विचारतील, ‘हे दाबू का?’ तुम्ही म्हणायचं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ त्या चुकीच्या पानावर जातील, तुमच्या ओठांवर शब्द येईल, तो गिळा. त्या म्हणतील, ‘मले त काही दिसून नाही राह्यलं.’ लगेच झूम करून दाखवू नका. हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या, कारण उन्हात, स्वस्त फोनवर, करड्या पार्श्वभूमीवरची फिकट करडी अक्षरं दिसत नाहीत, हा शोध लागला आहे. वेबच्या सुलभतेचे जे जागतिक नियम आहेत त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उठाव किमान ४.५ ला १ असावा असं दिलंय. तो मोजायची साधनं फुकट मिळतात. बटणाचंही तसंच, अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात दाबण्याची जागा साधारण ९ मिलिमीटरची सांगितली आहे. शेतात काम केलेला अंगठा त्याहून लहान नसतो.

ग्रुप चौघांचा असेल तर एकाने बोलायचं, एकाने लिहायचं, बाकीच्या दोघांनी लांब थांबायचं. चार पोरं एका माणसाभोवती उभी राहिली की तो बावरतो. लिहिणाऱ्याने वहीत तीनच रकाने आखावे: बोट कुठे गेलं, तोंडून काय निघालं, काम झालं का. स्वतःचा निष्कर्ष तिथे लिहायचा नाही, तो घरी आल्यावर. आणखी एक गोष्ट नेहमी घडते. काका फोन घेतात, क्षणभर पाहतात आणि शेजारच्या पुतण्याच्या हातात देतात. पुतण्याला थांबवू नका. घरीही असंच होणार असेल, तर वाचणारा पुतण्या आणि निर्णय घेणारे काका, हेच तुमचे वापरकर्ते. पुतण्याने मोठ्याने वाचून दाखवलं तर काकांना कळतं का, ते ऐका. मग लांब वाक्यं आपोआप तुटतात.

जागा निवडताना माणसाला वेळ आहे का ते पाहा. गुरुवारी शेगावात मंदिराकडे निघालेल्या माणसाला अडवू नका, दर्शन होऊन स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेला माणूस मात्र आनंदाने बसवून घेईल. एसटी स्टँड चांगलं, लग्नघरातली दुपारही चांगली. दवाखान्याबाहेर जाऊ नका, तिथे माणसं काळजीत असतात, मग तुमचा प्रोजेक्ट दवाखान्याचा असला तरी. परवानगी विचारा, चेहऱ्याचं चित्रण करू नका, नाव लिहू नका, ‘पन्नाशीची गृहिणी, फोन वापरते’ एवढं पुरे. आणि शक्यतो त्यांच्याच फोनवर साइट उघडा. तुमचा नवा फोन आणि कॉलेजचं वायफाय यावर काहीही चालतं. त्यांच्या फोनवर तळ्याचा चार एमबीचा फोटो उघडेपर्यंत ते फोन परत देतात. फोटो लहान करा, आणि रस्त्याची माहिती असलेलं पान नेटवर्क नसतानाही वाचता येईल असं करा. विवरात उतरलेल्या माणसाला ते लागेल.

किती माणसं, असं विचारता. याकोब निल्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली हिशेब मांडला होता: एक माणूस सरासरीने ३१ टक्के अडचणी दाखवून देतो, पाच माणसांत सुमारे ८५ टक्के बाहेर येतात. म्हणून पंधरा माणसं एकाच दिवशी बसवू नका. पाच घ्या, दुरुस्त करा, पुन्हा नवी पाच घ्या, पुन्हा दुरुस्त करा. पण हा हिशेब एका तऱ्हेच्या माणसांचा. पुण्याचं कुटुंब आणि मेहकरची भाविक बाई या दोन तऱ्हा, दोन्हींसाठी वेगळी माणसं शोधा. वर्गमित्र यात कुठेच बसत नाहीत. रिपोर्टसाठी आकडा हवाच असेल तर जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेली दहा प्रश्नांची सिस्टिम युजेबिलिटी स्केल वापरा. त्यात सरासरी गुण ६८ च्या आसपास धरतात, आणि ते टक्के नव्हेत. प्रश्न मराठीत आणताना सोपे आणा आणि काम करून झाल्यावरच विचारा.

त्याच संध्याकाळी वही उघडा. कोण अडकलं, कोण हळू झालं, कोण फक्त वैतागलं, असे तीन ढीग करा. अडकलेल्यांचं आधी. सगळी साइट नव्याने करायची हुक्की येते, ती येऊ देऊ नका, एक शब्द बदलून काम भागतं का पाहा. ‘सुविधा’ काढून ‘पाणी, जेवण, शौचालय’ लिहिल्यावर पुढची माणसं सरळ तिथे गेली तर तेवढंच पुष्कळ. बदलाच्या आधीचं आणि नंतरचं चित्र जवळजवळ लावा, खाली मावशींचं वाक्य त्यांच्याच बोलीत छापा. परीक्षकापुढे तुमच्या प्रोजेक्टचं यापेक्षा भक्कम पान असणार नाही, आणि ते पान तुमच्याशिवाय कुणाकडेच नसेल.

गाइड म्हणतील एवढं कशाला, वेळ कुठे आहे. त्यांना लॉगबुकात तारखा दाखवा. कागदी स्क्रीन सिनॉप्सिस मंजूर झाल्याच्या आठवड्यात, पहिली पाच माणसं पहिलं पान चालू झाल्याबरोबर, दुसरी पाच सबमिशनच्या महिनाभर आधी. लॉगिन-डेटाबेस नसलेली साधी साइट गिटहबवर फुकट ठेवता येते, व्हायवानंतर बंद करायची असेल तर शेवटची दुरुस्ती कधी केली ती तारीख वर लिहून ठेवा, म्हणजे जुन्या माहितीवर विसंबून कुणी चुकीच्या दिवशी लोणारला जाणार नाही. आणि ज्या मावशींनी वेळ दिला त्यांना बदललेली साइट एकदा दाखवायला नक्की जा.